बारा वर्षांचा गोडनिंब दुसऱ्या जागी हलवायचा आहे, जगेल का?

मनीषनगरची_माळीण | ९ एप्रिल

नमस्कार मंडळी. मागच्या अंगणात गाडीसाठी जागा करायची ठरली आहे. १ मेपासून मिस्त्री येणार, फरशी उखडणार आणि वर पेव्हर ब्लॉक बसवणार. त्या जागेत माझी चार म्हातारी मंडळी उभी आहेत:

गोडनिंब (कढीपत्ता म्हणा हवं तर), १२ वर्षांचा, साधारण ९ फूट उंच. अर्धी गल्ली याच्यावर जगते.
अडुळसा, वय माहीत नाही. आम्ही घर घेतलं तेव्हापासून आहे.
रोझमेरी, ४ वर्षांची. आहे कुंडीतच, पण कुंडी हलतच नाही. बहुतेक खालच्या भोकातून मुळं जमिनीत गेली आहेत.
सासूबाईंची तुळस. खोड अंगठ्याएवढं जाड, लाकूडच झालंय.

दोन माळ्यांना विचारलं. एक म्हणाला, "काढून देतो, ५०० रुपये, गॅरंटी नाही." दुसरा म्हणाला, "तोडा अन् नवीन लावा." सासूबाई दोघांशीही बोलायला तयार नाहीत. नवी जागा कंपाउंडच्या पूर्वेला आहे, काळी माती, सकाळी ऊन आणि दुपारी तीननंतर भिंतीची सावली. काय करू?

धरमपेठी | ९ एप्रिल

खुर्ची टाकून बसलोय. आमचा गोडनिंब असाच हलवला होता, आठ दिवसांत त्याची झाडणी झाली. म्हणजे झाडू.

सह्याद्रीपार | ९ एप्रिल

लगेच हलवा! मी पुण्यात फेब्रुवारीअखेर ६ फुटी कढीपत्ता हलवला, रोज पाणी घातलं, एकही पान गळलं नाही. १ मेच्या आत उरकून टाका.

काटोलवाला | ९ एप्रिल

बाप्पा, पुण्याचा फेब्रुवारी अन् नागपूरचा एप्रिल! ताई, घाई करू नका. मी संत्र्याचा मानूस आहो, गोडनिंब मी विकत नाही, पण तो संत्र्याचाच भाऊबंद आहे, एकाच कुळातला. म्हणून सांगतो.

झाड उपटलं की त्याची पानी पिनारी पांढरी मुळी तुटते. जाड मुळ्या फक्त झाड धरून ठेवतात, पानी पिते ते टोकाकडची केसासारखी मुळी. ते राहून जाते जुन्या खड्ड्यात. वर पानं तेवढीच, ऊन ४२ चं, पुढे नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस. खालून येत नाही अन् वरून उडून राहिलं, मंग झाड सुकते. लोक म्हणतात पानी कमी पडलं, अन् अजून ओततात. मंग सडते.

मृगाचा पाऊस पडू द्या. आभाळ भरलेलं असलं की पानातून पानी कमी उडते, तवा हलवा.

मनीषनगरची_माळीण | १० एप्रिल

काका, पटतंय, पण मिस्त्री १ मेला येतोय आणि पाऊस येतो जूनच्या पंधरवड्यानंतर. तो थांबणार आहे का?

काटोलवाला | १० एप्रिल

मिस्त्रीले सांगा, तो कोपरा सोडून काम कर. ५ बाय ५ फूट. बाकी सगळं करून घे, तेवढं जुलैत येऊन पूर्ण कर. २५ फूट जागेसाठी कोनी दुसऱ्यांदा येत नाही, म्हणून थोडे पैसे हातात ठेवून घ्या, मंग येते.

हिरवी_गच्ची | १० एप्रिल

काटोलवाला काकांच्या शेवटच्या वाक्याला दंडवत. या धाग्यात झाडापेक्षा जास्त उपयोगी सल्ला हाच.

वाफसा | १० एप्रिल

चारही झाडांना एकच उपाय लावू नका. त्यांची गत वेगवेगळी आहे.

तुळस: हलवू नका. तुळशीचं आयुष्यच मुळात दोन-तीन वर्षांचं. खोड लाकडासारखं झालं म्हणजे ती मोठी झाली असं नाही, थकली आहे. जून तुळस उपटली की बहुतेक जातेच. मंजिऱ्या वाळल्या असतील तर तळहातावर चोळा, राईच्या दाण्याहून बारीक बी निघेल, ते कुंडीत वरवर पसरा. सासूबाईंना सांगा, हिचीच लेक आहे. खोटं नाही ते.

अडुळसा: याला हलवणं म्हणजे निव्वळ अंगमेहनत वाया. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, तीन-चार डोळ्यांच्या काड्या पावसाळ्यात खोचा. दहातल्या सात तरी लागतील.

रोझमेरी: अवघड. तिच्यावर वेगळं लिहितो.

गोडनिंब: फक्त हाच हलवण्याच्या लायकीचा आहे. खोडाचा घेर टेपने मोजून सांगाल का? जमिनीपासून वीतभर वर.

मनीषनगरची_माळीण | १० एप्रिल

घेर ८ इंच भरला. तुळशीचं सासूबाईंना अजून सांगितलं नाही.

वाफसा | ११ एप्रिल

८ इंच घेर म्हणजे जाडी अडीच इंच. ढोबळ हिशेब असा की खोडाच्या जाडीच्या दहापट रुंद मातीचा गोळा मुळांसकट निघायला हवा. म्हणजे २५ इंच, दोन फूट धरा. खोली दीड फूट पुरे, कारण पाणी पिणारी बहुतेक मुळं वरच्या फूट-दीड फुटातच असतात. सोटमूळ आणखी खाली जातं, ते कापावंच लागेल.

आता वजन. दोन फूट रुंद, दीड फूट खोल, खाली निमुळता आणि ओला असा काळ्या मातीचा गोळा १५० किलोच्या घरात जातो. तुमच्या ५०० रुपयेवाल्या माळ्याने गॅरंटी का दिली नाही ते कळलं असेल. तो एकटा येऊन खोडाला धरून ओढणार होता, माती गळून पडली असती आणि हातात नुसती काठी आली असती. निदान तीन माणसं लागतील.

आत्ता एक काम करा. खोडापासून एक फुटावर खडूने गोल आखा. त्या गोलाच्या फक्त अर्ध्या भागावर, समजा पूर्वेकडे, धारदार फावड्याने किंवा सब्बलीने दीड फूट खोल चर काढा. आड येईल ते मूळ कात्रीने स्वच्छ कापा, सब्बलीने ठेचू नका. चर कुजलेलं शेणखत आणि तीच माती मिसळून भरा. कापलेल्या टोकांना नवी बारीक मुळी फुटते आणि ती गोळ्याच्या आतच राहते. उरलेला अर्धा गोल पहिल्या पावसानंतर. हलवणं त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी.

काटोलवाला | ११ एप्रिल

वाफसा भाऊ, एप्रिलात मुळी तोडनं मले पटत नाही. आम्ही बहारासाठी, म्हणजे फुलं यावी म्हणून, झाडाचं पानी बंद करून ताण देतो, पण कधी द्यायचा अन् कधी तोडायचा याची येळ असते.

वाफसा | ११ एप्रिल

काका, पूर्ण गोल असता तर मीही नाही म्हटलं असतं. अर्धाच, आणि तोही या आठवड्यात. मे लागला की मग हात लावायचा नाही. वर हिरवी जाळी बांधा आणि शेंडे हलके करा. जुलैत एकदम सगळी मुळं तोडण्यापेक्षा हप्त्याने तोडलेली बरी.

काटोलवाला | ११ एप्रिल

जाळी बांधनार असान तं ठीक आहे. अन् नवा खड्डा आत्ताच खोदून ठेवा. आम्ही संत्र्याचे खड्डे उन्हाळ्यातच खोदतो, ऊन खाऊ देतो. माती तापते, किडे-अंडे मरतात.

सह्याद्रीपार | ११ एप्रिल

खड्ड्यात मी तळाला चार घमेली शेणखत, वर कोकोपीट, वर गांडूळखत घालते. झाड खूश.

वाफसा | ११ एप्रिल

काळ्या मातीत हे नका करू. आपली माती उन्हात आकसून भेगाळते आणि पावसात फुगते. तिच्यात भुसभुशीत मालाने भरलेला खड्डा म्हणजे टाकं. सगळं पाणी त्यात उतरतं आणि बाहेर जात नाही. झाड ऑगस्टमध्ये उभ्या उभ्या बुडून मरतं. खोदलेलीच माती परत भरा, फार तर पाचवा हिस्सा खत. फावड्याने खड्ड्याच्या भिंती चोपड्या होतात, त्या खुरप्याने खरवडा, नाहीतर मुळं भिंतीशी आपटून आतल्या आत गोल फिरतात.

आधी परीक्षा घ्या. खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसरं पाणी सकाळी तसंच उभं असेल तर खड्ड्यात न लावता फूटभर उंचवट्यावर लावा.

मनीषनगरची_माळीण | १५ एप्रिल

अर्धा चर काढला. मी आणि मुलगा, सकाळी सहा ते साडेआठ. दोन मुळं अंगठ्याएवढी होती, कापताना अख्ख्या अंगणात गोडनिंबाचा वास. फोडणीचा नाही, तो निराळा. जाळी बांधली.

पाणी परीक्षेत नापास. सकाळी वीतभर पाणी उभं, त्यात शेजारचं मांजर पाणी पीत होतं.

मिस्त्रीशी बोलणं झालं. आधी हसला. मग ३,००० रुपये शेवटी देईन म्हटल्यावर "होऊन जाईल ना ताई" म्हणाला.

अंबाझरी_आजोबा | १६ एप्रिल

धागा छान चाललाय. एक अवांतर पण महत्त्वाचं. कोणी हे वाचून अंगणातला पारिजातक किंवा कडुनिंब काढायला निघेल, तर आधी महानगरपालिकेच्या उद्यान विभागात विचारा. शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, आणि झाड आपल्या अंगणात असलं तरी ते तोडायला परवानगी लागते. आमच्या ओळखीत एकाने "माझंच तर झाड" म्हणून तोडलं, नंतर खेटे घातले.

वाफसा | १८ एप्रिल

रोझमेरीवर लिहायचं राहिलं. ती भूमध्य समुद्राकाठची, कोरड्या उन्हाळ्याची आणि खडकाळ जमिनीची बाई. आपलं ऊन ती एकवेळ सोसते, आपला जुलै सोसत नाही. त्यातही जुन्या लाकडावर तिला नवी फूट येत नाही. गोडनिंब गुडघ्यापासून छाटला तरी फुटेल. रोझमेरी पानं असलेल्या भागाच्या खाली कापली की तिथे कायमची काडी. म्हणजे मुळं कापल्यावर वर छाटून तोल सांभाळायची सोयच नाही.

तुमच्या कुंडीखालचं मूळ कापावं लागणार, आणि चार वर्षांत तिचा सगळा जीव त्यातच गेला असेल. खरा मुहूर्त दिवाळीच्या आसपासचा, पाऊस सरल्यावर. तोवर कुंडी त्या ५ बाय ५ मध्ये राहू शकते का? नसेल तर आत्ताच काड्या लावा, विमा म्हणून. यंदा आलेल्या फुटीच्या बोटाएवढ्या काड्या, खालची पानं काढून, जाड वाळूत. पण आत्ता बाहेर टिकणार नाहीत.

हिरवी_गच्ची | १८ एप्रिल

कूलरच्या खोलीत ठेवा! मी गेल्या वर्षी मे महिन्यात जाईच्या काड्या कूलरसमोरच्या खिडकीत ठेवल्या होत्या. गार, ओलसर, उजेड भरपूर. नागपुरात फुकटचं ग्रीनहाऊस आहे ते. फक्त थेट झोतात नको.

मनीषनगरची_माळीण | २० एप्रिल

दहा काड्या लावल्या. घरातले म्हणतात आता माणसांनी कूलर बाहेर जाऊन बघायचा का.

कुंडी कोपऱ्यात बसत नाही, मिस्त्रीचा दगड-रेतीचा रस्ता तिथूनच आहे. रोझमेरीचं मूळ कापावं लागेल.

मनीषनगरची_माळीण | २२ जून

धागा वर काढतेय. मे गेला एकदाचा. गोडनिंबाने पूर्वेकडची पानं पिवळी करून टाकली, पण तग धरली. जाळी नसती तर नसतं जमलं. रोझमेरी २८ एप्रिलला कापली. खाली मनगटाएवढं मूळ निघालं. दहा दिवस हिरवी होती, मला वाटलं जिंकलो. नंतर कळलं, ती उभ्या उभ्या वाळली होती, रंग तेवढा उडायचा राहिला होता. काड्यांपैकी तीन लागल्या.

तुळशीची रोपं १४ आलीत. सासूबाई गल्लीत वाटताहेत. जुनी तुळस मिस्त्रीने फरशीसोबत उचलली, तेव्हा त्या देवळात गेल्या होत्या. मुद्दाम गेल्या असाव्यात.

परवा चांगला पाऊस झाला. उरलेला अर्धा गोल काढू ना?

काटोलवाला | २२ जून

मातीले वाफसा येऊ द्या, जास्तीचं पानी उतरू द्या. चिखलात काळ्या मातीले हात लावू नका, ढेकळं होतात, मंग वाळून दगड. बुटाले माती चिकटनं बंद झाली की काढा.

मनीषनगरची_माळीण | १४ जुलै

काल हलवला!! जरा लांब लिहिते, पुढच्यांना उपयोगी पडेल.

आदल्या दिवशी वरचा तिसरा हिस्सा छाटला. गल्लीत पिशव्या भरभरून पानं वाटली. अजून छाटायचं की नाही यावर घरात वाद झाला. मी वाफसा यांना विपु (विचारपूस, म्हणजे वैयक्तिक निरोप) केली होती. त्यांचं म्हणणं, पानांतूनच मुळांना फुटायचा निरोप जातो, सगळं बोडकं केलंत तर मुळं कशाच्या जोरावर फुटणार. म्हणून तिसऱ्या हिश्श्यावर थांबले. जाड कापांना काकांनी सांगितलेला बोर्डो मलम लावला: १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम कळीचा चुना, १ लिटर पाणी. प्लास्टिकच्या डब्यातच कालवलं, धातूचं भांडं नको म्हणाले होते.

काल आभाळ भरलेलं. तीन माणसं, एक सब्बल, एक फावडं, ओला बारदाना, सुतळी आणि जुना पत्रा. एप्रिलचा चर जिथे होता तिथे पांढऱ्या मुळ्यांची अक्षरशः जाळी, मऊ, शेवयांसारखी. पश्चिमेकडे, जिथे तीनच आठवडे झाले होते, तिथे जेमतेम ठिपके. फरक डोळ्यांनी दिसला. खालचं सोटमूळ करवतीने कापलं. गोळा एका बाजूला झुकवून बारदाना अर्धा गुंडाळून खाली सरकवला, मग दुसरीकडे झुकवून ओढून घेतला. सुतळीने आवळला.

आणि इथेच चूक झाली. उचलताना एका पोराने सवयीने खोडाला हात घातला. पश्चिमेकडचा ओंजळ-दोन ओंजळ मातीचा तुकडा पडलाच. मी ओरडले, पण पडायचा तो पडला. पुढे पत्र्यावरून घसरत नेला, बारदान्याला धरून.

नव्या जागी फूटभर उंचवटा केला होता. आधी जमिनीत जेवढा होता तेवढाच खोल लावला. खोडावर खडूने उत्तरेची खूण केली होती, तीच बाजू उत्तरेला ठेवली. अर्धी माती भरून पाणी सोडलं, काठीने हळू ठोकलं, बुडबुडे थांबल्यावर उरलेली माती. सुतळी कापून टाकली, बारदाना खालीच राहू दिला. तीन बाजूंनी बांबू.

काटोलवाला | १४ जुलै

झ्याक. आता डीएपी-युरिया काही टाकू नका, दोन महिने तं नाहीच. अन् पान्याचं आळं खोडाले टेकवून करू नका. आमच्याकडे दोन गोल आळे करतात, आतलं कोरडं, बाहेरच्यात पानी. खोडाशी पानी थांबलं की डिंक्या (सालीतून डिंक गळनारा रोग) लागते, संत्र्याले तरी.

वाफसा | १४ जुलै

आणखी एक. पाऊस पडला तरी अधूनमधून बोट दोन इंच आत घालून गोळ्याचीच माती बघा. कधी कधी भोवतीची ओली असते आणि गोळा आत कोरडा ठणठणीत राहतो.

मनीषनगरची_माळीण | १९ जुलै

सगळी पानं गळली. एकूण एक. पाच दिवसांत. धरमपेठी, तुमची झाडणी आठवली.

धरमपेठी | १९ जुलै

तेव्हा मी विनोद केला होता हो. मनापासून वाईट वाटलं.

वाफसा | १९ जुलै

पानं आपोआप गळली की वाळून फांदीलाच चिकटून राहिली?

मनीषनगरची_माळीण | १९ जुलै

गळली. हात लावला की देठासकट पडत होती.

वाफसा | १९ जुलै

मग उत्तम. झाड जिवंत असलं की ते स्वतः देठ सोडतं. मेलेल्या फांदीवर पान वाळून लटकत राहतं, तुमच्या रोझमेरीसारखं. नखाने साल किंचित खरवडा.

मनीषनगरची_माळीण | १९ जुलै

हिरवं आहे! ओलं आणि हिरवं!

काटोलवाला | १९ जुलै

आता रोज नख लावत बसू नका, सालटं सोलून जाईल बिचाऱ्याचं.

मनीषनगरची_माळीण | ८ ऑगस्ट

फुटला. पूर्वेकडच्या फांद्यांवर तांबूस कोंब, मोजून अकरा. पश्चिमेकडे अजून काही नाही.

अंबाझरी_आजोबा | ८ ऑगस्ट

अभिनंदन. अर्ध्या गल्लीलाही कळवा.

मनीषनगरची_माळीण | ११ सप्टेंबर

पश्चिमेकडेही फूट आली, पण पूर्वेकडची कोवळी पानं रातोरात गायब. पक्ष्याच्या विष्ठेसारखे दिसणारे बारके किडे, मोठे झालेले हिरवेगार. फवारू का काही?

काटोलवाला | ११ सप्टेंबर

ते लिंबावरचं फुलपाखरू. संत्र्यावर, लिंबावर, गोडनिंबावर एकच अळी. सांगितलं नव्हतं का भाऊबंद आहे म्हणून. पाच-पन्नास झाडं असती तं फवारा म्हटलं असतं. एक झाड आहे, हाताने वेचा.

हिरवी_गच्ची | ११ सप्टेंबर

दोन-तीन राहू द्या ना. फुलपाखरं सुंदर असतात.

मनीषनगरची_माळीण | ११ सप्टेंबर

यंदा नाही राहू देणार. पुढच्या वर्षी खुशाल खा म्हणावं.

मनीषनगरची_माळीण | २६ ऑक्टोबर

आज फोटो टाकते आहे तो नीट बघा. मिस्त्री ऑगस्टअखेर येऊन कोपरा पूर्ण करून गेला (३,००० ची करामत). पेव्हर ब्लॉक बसले, गाडी उभी राहायला लागली. आज सकाळी गाडी काढली, तर दोन ब्लॉकच्या फटीतून बोटभर उंच, तांबूस पानांचं काहीतरी. चोळून वास घेतला. गोडनिंब. एक नाही, तीन ठिकाणी. जुन्या जागेत राहिलेली मुळं!

धरमपेठी | २६ ऑक्टोबर

म्हणजे हलवला तो हलला, आणि जो हलवला नाही तोही तिथेच आहे.

वाफसा | २६ ऑक्टोबर

गोडनिंबाची ती सवयच आहे, मुळावरून फुटवे काढतो. हे आधी सांगायला हवं होतं, माझी चूक. पुढे कोणाला हलवण्याची हिंमत नसेल तर असा मुळावरचा एखादा फुटवा बघा, आईच्या मुळापासून फावड्याने तोडा आणि महिनाभर तिथेच स्वतःच्या पायावर उभा राहू द्या. मग उचला. १५० किलो उचलायची गरजच नाही.

मनीषनगरची_माळीण | २६ ऑक्टोबर

हे मला ९ एप्रिलला सांगायचं होतं हो!!

काटोलवाला | २६ ऑक्टोबर

ताई, ते तिन्ही फुटवे ब्लॉक उचलून काढा अन् थैलीत लावा. एक माझ्यासाठी ठेवा. काटोलात सगळं संत्रंच आहे, फोडणीले गोडनिंब मी अजून बाजारातूनच आणतो.

मनीषनगरची_माळीण | २७ ऑक्टोबर

एक तुमचा, एक धरमपेठी यांचा. तिसऱ्यावर सासूबाईंनी आधीच हक्क सांगितला आहे.